डोक्यावरच्या काचेबद्दल : वाहनांचे नियम ठरवणाऱ्यांना एक खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व सदस्य,
सीएमव्हीआर (केंद्रीय मोटार वाहन नियम) तांत्रिक स्थायी समिती, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय, नवी दिल्ली
आणि
वाहन उद्योग मानक समिती, सचिवालय : एआरएआय (वाहन संशोधन संस्था), पुणे

सविनय नमस्कार.

मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला सवड झाली नाही तरी काम अडणार नाही. मोटारीच्या छताला बसवलेली काच लॅमिनेटेडच, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असलेलीच, असली पाहिजे, असा नियम करा. पुढच्या काचेसाठी तो आपल्याकडे तीस वर्षांहून अधिक काळ आहे. छतासाठी नाही, कारण तो लिहिला गेला तेव्हा सर्वसामान्य माणसाच्या गाडीला काचेचं छत नव्हतं.

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सामान्य माणसाला ठाऊक आहे तो काळ्या फिल्ममुळे. पुढून-मागून ७० टक्के, बाजूंनी ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, हे २०१२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चौकाचौकात पोलिसांनी शिकवलं. त्याच नियमात आणखी एक तरतूद आहे, तिची चर्चा कुणी करत नाही. नियम लागू झाल्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १९९२पासून, बनणाऱ्या गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असायला हवी. माझ्या पिढीला त्याआधीचं आठवतं. खडा लागला की टफन्ड (तापवून झटकन थंड केलेली, एकपदरी) काच एका क्षणात पांढरीफटक व्हायची, समोरचं काही दिसायचं नाही, आणि ड्रायव्हर बुक्की मारून काचेला भोक पाडायचा आणि त्यातून बघत गाडी कडेला घ्यायचा. आज विशीतल्या मुलांना हे सांगितलं तर थाप वाटते. त्यांना ती थाप वाटते, हेच त्या नियमाचं यश. दोन काचांच्या मध्ये पॉलिव्हिनाइल ब्युटिरलचा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा पापुद्रा असतो. काच तडकते, पण जागची हलत नाही.

आता छताकडे येऊ. चार मीटरच्या आत लांबी आणि ठरावीक क्षमतेच्या आत इंजिन ठेवलं की कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५पासून अशा गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के आहे, मोठ्यांवर ४०. त्यामुळे सगळी चुरस या छोट्या गाड्यांत आहे, आणि चुरस जिंकायचं हुकमी हत्यार म्हणजे सनरूफ. एकेकाळी तो परदेशी महागड्या गाड्यांचा दागिना होता. आता हॅचबॅकलाही मिळतो, आणि चार मीटरच्या आतल्या काही गाड्यांना तर जवळजवळ पूर्ण छतभर काच मिळते.

‘हौस केली आहे तर भोगा’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक खुलासा. आपल्याकडे गाडी सुट्या भागांनी विकली जात नाही, व्हेरिएंटने विकली जाते. मागचा वायपर हवा, ऑटोमॅटिक गिअर हवा, मागे बसणाऱ्यांसाठी एसीचे झोत हवेत, तर बहुतेक वेळा वरच्या व्हेरिएंटला जावं लागतं आणि सनरूफ त्याच्याबरोबर येतो. आम्हाला ऑटोमॅटिक हवी होती, यजमानांच्या गुडघ्यासाठी. छताला खिडकी आम्ही मागितली नव्हती. (ज्यांनी मागितली ते त्यातून पोरांना उभं करून महामार्गावर मिरवणूक काढतात. त्यांच्याबद्दल वेगळं पत्र लिहावं लागेल, आणि ते आपल्याला नसेल.)

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. म्हणून छतावरच्या काचेचं मर्म थोडं विस्ताराने मांडते. आपल्यातल्या अभियंत्यांना हे पाठ आहे, पण हे पत्र गाडी घेणारेही वाचतील. टफन्ड काच बनवताना साधी काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत मारतात. पृष्ठभाग आधी आळतो, गाभा मागून आकसतो आणि आकसताना पृष्ठभागाला आत खेचून धरतो. निवल्यावर वरचे थर कायमचे दाबाखाली आणि गाभा कायमचा ताणाखाली राहतो. म्हणूनच ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत. आणि म्हणूनच एखादी चीर दाबाचा थर ओलांडून गाभ्यात पोचली की सगळी काच एका दमात चुरा होते, कारण साठवून ठेवलेला ताण एकदम सुटतो. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडून होणारे ‘प्रिन्स रूपर्टचे थेंब’ सतराव्या शतकापासून हेच दाखवत आलेत. डोक्यावर हातोडी मारली तर टिकतात, शेपटी चिमटली तर भुगा.

म्हणजे चीर पडणं आणि काच फुटणं एकाच वेळी व्हायला हवं असं नाही. कडेला बारीक टवका आज उडेल, काच पुढच्या उन्हाळ्यात जाईल. दुसरी शक्यता कारखान्यातली आहे. काचेत राहिलेला निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण काच टफन केल्यानंतर हळूहळू रूप पालटतो आणि फुगतो. इमारतींच्या काचांत हे इतकं परिचित आहे की त्या २९० अंशांच्या आसपास भट्टीत तासन्तास ठेवतात. ज्या फुटायच्या त्या तिथेच फुटाव्यात, विसाव्या मजल्यावर नव्हे. तिसरी गोष्ट काचेच्या कडेने दिसणाऱ्या काळ्या पट्ट्याची. त्याखालचं चिकटद्रव्य उन्हापासून वाचावं म्हणून तो सिरॅमिक रंग काचेवर भाजून चढवतात. दक्षिण कोरियाच्या वाहन चाचणी संस्थेने दहा-बारा वर्षांपूर्वी काचेच्या छतांवर २२७ ग्रॅमचा पोलादी गोळा टाकून पाहिला, तेव्हा या पट्ट्याचा भाग उरलेल्या काचेपेक्षा दुबळा आढळला. काचेचं छत जितकं मोठं, तितका हा पट्टा रुंद. कोरियाने हा विषय संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या वाहन-नियमांच्या मंचावर नेला आणि २०१४मध्ये त्यासाठी खास कार्यगट बसला. जागतिक वाहन-नियमांच्या १९९८च्या कराराचा भारतही सदस्य आहे. त्यामुळे ही कागदपत्रं आपल्या कपाटात असतीलच.

आता आमच्या छताचं सांगते. त्यात नवल काही नाही, म्हणूनच ते सांगण्यासारखं आहे. एप्रिलमधली दुपार, खंबाटकी ओलांडून साताऱ्याकडे निघालो होतो. पुढे ट्रक नाही, वर पूल नाही, झाड नाही. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला आणि मग वरून नुसता वाऱ्याचा घोंघाट. ऊन असल्यामुळे आतलं झाकण ओढलेलं होतं, म्हणून चुरा त्याच्यावर साचला. उघडं असतं तर मागे झोपलेल्या नातीच्या अंगावर आला असता. यजमानांनी गाडी नीट कडेला घेतली. कुणाला इजा झाली नाही.

सर्व्हिस सेंटरमध्ये (कंपनीचं नाव घेत नाही, कारण कुठल्याही कंपनीच्या दारात हाच संवाद झाला असता) सल्लागाराने गाडीकडे न बघताच सांगितलं, “मॅडम, दगड लागला असणार.” मी म्हटलं, दगड लागल्याची खूण दाखवा. तो म्हणाला, “काचच राहिली नाही, तर खूण कुठे दाखवणार?” युक्तिवादाला दाद द्यावी असाच होता. वॉरंटीत काचेचं फुटणं धरत नाहीत. मी म्हटलं, मग ते तुकडे द्या. ते व्हॅक्यूमने ओढून टाकून दिले होते.

मग विम्याचा सर्व्हेअर आला. भला माणूस. त्याने अर्जातल्या कारणाच्या रकान्यात आपणहून ‘बाहेरील वस्तूचा आघात’ लिहिलं. मी म्हटलं, पण आघात झालेला मी पाहिला नाही. तो म्हणाला, “काकू, आपोआप फुटली लिहिलं तर तो उत्पादनातला दोष झाला, तो पॉलिसीत बसत नाही. तुम्हाला पैसे हवेत ना?”

अध्यक्ष महोदय, या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. वॉरंटी नाकारायला कंपनीला दगड हवा असतो. क्लेम पास करायला सर्व्हेअरला दगड हवा असतो. आणि पैसे मिळवायला मालकालाही दगडच हवा असतो. तिघांचं हित एकाच उत्तरात असल्यावर दुसरं उत्तर कागदावर येणार कुठून? त्यामुळे भारतात कागदोपत्री प्रत्येक सनरूफ दगडानेच फुटतो. उद्या आपण उद्योगाकडून आकडे मागवलेत तर हेच आकडे येतील, आणि ते प्रामाणिकपणे दिलेले असतील.

मी असं म्हणत नाही की दगड लागतच नाहीत. बहुतेक छतं दगडानेच फुटत असतील, असं माझंही मत आहे. कोकणात तर नारळ पडतात, आणि माकडांचा हिशेब वेगळाच. पण ‘बहुतेक’ आणि ‘सगळी’ यांच्या मधल्या फटीत जे आहे, ते शोधायची सोयच आपण ठेवलेली नाही. काचेचा चुरा बोलतो. निकेल सल्फाइडने फुटलेल्या काचेत सुरुवातीच्या बिंदूपाशी दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे जोडीने सापडतात आणि त्यांच्या मधल्या कडेवर सूक्ष्मदर्शकाखाली कण दिसू शकतो. कडेच्या टवक्याचं चिन्ह निराळं, वरच्या आघाताचं निराळं. अट एकच, तो चुरा कुणीतरी पिशवीत भरून ठेवला पाहिजे.

अमेरिकेत मोजदाद होते, म्हणून तिथे काही हाती लागलं. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकांच्या मासिकाने २०१७मध्ये तिथल्या रस्ता सुरक्षा यंत्रणेकडच्या तक्रारी चाळल्या, तेव्हा १९९५पासून सनरूफ स्फोटासारखे फुटल्याच्या ८५९ तक्रारी निघाल्या, कितीतरी कंपन्यांच्या, कितीतरी मॉडेलांच्या. त्याआधी, २०१२च्या अखेरीस, ह्युंदाईने व्हेलॉस्टर या छोट्या गाडीच्या सुमारे १३,५०० गाड्या परत बोलावल्या होत्या, कारण कारखान्यात छताची काच बसवताना ती कमकुवत होण्याची शक्यता आढळली होती. ती गाडी आपल्याकडे विकली गेली नाही. मुद्दा गाडीचा नाही. दगडाशिवायही कारण असू शकतं, हे एका उत्पादकाने स्वतः कबूल केलं. ते कबूल करण्याची वेळ आली, कारण तक्रारी एका जागी जमल्या होत्या.

आपल्याकडेही जागा आहे, नाही असं नाही. २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष गाड्या परत बोलावण्याचं कलम ११०अ आलं, आणि १ एप्रिल २०२१पासून सात वर्षांच्या आतल्या गाडीतल्या दोषाची तक्रार मालकाला पोर्टलवर करता येते. पण जास्त खपाच्या मोटारीच्या बाबतीत चौकशीची चक्रं हलायला तक्रारींचा आकडा हजाराच्या पुढे जावा लागतो. ज्याच्या हातातल्या क्लेमच्या कागदावर ‘बाहेरील आघात’ छापलेलं आहे, तो मालक त्याच छताबद्दल ‘उत्पादनातला दोष’ म्हणून तक्रार करायला कसा जाईल? गेलाच, तर त्याचाच कागद त्याला दाखवला जाईल.

म्हणून मी कारणांच्या वादात अडकत नाही. कारण काहीही असो, लॅमिनेटेड काच खाली येत नाही.

आक्षेप येतील, ते मला माहीत आहेत. पहिला, किंमत. प्रत्येक नियमाच्या वेळी हा येतो, एअरबॅगच्या वेळीही आला होता. दुसरा, वजन, तेही गाडीच्या सर्वांत उंच जागी. हा खरा आहे. पण मग छोट्या गाडीला एवढी मोठी खिडकी द्यावी का, हा प्रश्नही त्याच वेळी विचारावा लागेल, आणि तो कंपन्यांना आवडणार नाही. तिसरा, अपघातात बाहेर पडायला फोडता येणारी काच हवी. तीही मान्य, पण त्यासाठी बाजूच्या खिडक्या टफन्ड आहेतच. आणि पुढची काच फोडता येत नाही म्हणून आपण १९९२चा नियम मागे घेतला नाही. शिवाय मधला प्लॅस्टिकचा थर अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतो. अकोला-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात काचेखाली बसणाऱ्याला विचारा त्याची किंमत.

छत अजून नियमाबाहेर असलं तरी पुढच्या काचेचं सगळं छान चाललं आहे, असंही नाही. तिच्या कामाचं स्वरूपच बदललं आहे. पूर्वी ती वारा अडवायची. आता तिच्यामागे, आरशापाशी, कॅमेरा बसलेला असतो, आणि लेन सोडली की बोंब मारणारी, पुढे गाडी आली की ब्रेक लावणारी यंत्रणा त्या काचेतून जग बघते. ही यंत्रणाही आता चार मीटरच्या आतल्या गाड्यांत आली आहे. काच बदलली की कॅमेरा नव्याने जुळवावा लागतो, नाहीतर ब्रेक उशिरा लागेल किंवा नको तिथे लागेल. नाक्यावरच्या काचवाल्याकडे त्याचं साधन नसतं आणि तो तसं सांगतही नाही. काचेतून बघताना समोरचं जरा वेडंवाकडं दिसलं तर माणूस मान हलवून जुळवून घेतो, कॅमेऱ्याला मान नसते.

चिकटवण्याचं तर विचारूच नका. पुढची काच आता गाडीच्या सांगाड्याचाच भाग असते, युरेथेनने चिकटवलेली. शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना अनेक गाड्यांत याच काचेचा टेकू घेते. युरेथेन हवेतली आर्द्रता शोषून घट्ट होतं आणि त्याला वेळ लागतो, किती ते डब्यावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे ‘तासाभरात गाडी हातात’ ही जाहिरात आहे. जुना चिकटा खरवडताना पत्र्याचा रंग उडतो, तिथे प्रायमर लावला नाही तर पुढच्या पावसाळ्यात गंज धरतो आणि वर्षभराने गाडीच्या पायपुसण्यावर पाणी.

एवढं सगळं असूनही काच बदलल्यानंतर मालकाच्या हाती येतं ते फक्त बिल. काचेवर आयएस २५५३ या सुरक्षा-काचेच्या भारतीय मानकाचा शिक्का आहे का, चिकटद्रव्य कुठलं, गाडी किती वाजता चालवायला सुरक्षित होती, कॅमेरा जुळवला का, कुणी जुळवला, यातलं काही त्यावर नसतं. चार ओळींचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र बंधनकारक करायला कुठल्या प्रयोगशाळेची गरज नाही.

या काचा फुटतात कशाने, तेही आपल्याच मंत्रालयाच्या अंगणात येतं. महामार्गाचं काम चालू असलेल्या पट्ट्यात खडी रस्त्यावर सांडलेली असते, आणि ताडपत्रीशिवाय धावणारे डंपर मागच्याला बारीक दगडांचा प्रसाद देत जातात. रुपयाच्या नाण्याएवढा टवका, चालकाच्या नजरेसमोर नसेल आणि कडेला नसेल तर रेझिन भरून बुजवता येतो. पण तो लगेच भरावा लागतो. नागपूरच्या उन्हात तापलेल्या गाडीत बसून एसीचा झोत थेट काचेवर सोडला की त्याची वीतभर चीर होते. तरीही लोक टाळतात, कारण ‘क्लेम घेतला तर बोनस जाईल’. विम्याच्या नियमात काचेवर घसारा धरत नाहीत, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट, म्हणजे मालकाने स्वतः भरायची रक्कम, हजार रुपयांची. म्हणजे दुरुस्तीचं बिल त्या हजारातच विरघळतं, आणि क्लेम केलाच तर २० ते ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनस पणाला लागतो. साधी दुरुस्ती बोनसला न भिडता करू देणाऱ्या कंपन्या आहेत, पण तो त्यांचा उदारपणा झाला. हे आपल्या कक्षेत नाही, म्हणून या पत्राची प्रत विमा नियामकाला पाठवत आहे.

सनरूफच्या गळतीबद्दल फार लिहीत नाही. त्याच्या चौकटीतून पाणी खाली नेणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या कडुनिंबाच्या पाल्याने आणि धुळीने तुंबतात, आणि पाणी खांबांतून उतरण्याऐवजी डोक्यावरच्या अस्तरात शिरतं. पावसाळ्याआधी नळ्या साफ करणं सर्व्हिसच्या यादीत छापलं तर निम्म्या तक्रारी संपतील असं मला वाटतं.

तर मागण्या अशा. छतावरच्या काचेला नियम १००मध्ये लॅमिनेटेडची अट घाला, नव्या मॉडेलांना लगेच आणि चालू मॉडेलांना मुदत देऊन. १९८९ साली तीन वर्षं दिली होती, आताही द्या. तोवर छताच्या काचेची चाचणी काळ्या पट्ट्यासह, जशी ती गाडीवर बसते तशी, करायला लावा. छताची काच टफन्ड आहे की लॅमिनेटेड, हे माहितीपत्रकात आणि विक्रीच्या कागदावर ठळक छापलं जावं. काचेच्या कोपऱ्यात ते कोरलेलं असतं, पण सनरूफचा कोपरा बघायला शोरूममध्ये शिडी कोण मागणार? १ ऑक्टोबर २०२३पासून भारत एनकॅप ही सरकारी योजना गाड्यांना अपघात-सुरक्षेचे तारे देते, त्या पत्रकात या एका ओळीला जागा व्हावी. आणि छत फुटलेली गाडी सर्व्हिस सेंटरला आली की चुरा, चौकटीत अडकलेल्या कडांसह, मालकाच्या सहीने पिशवीत बंद करून ठराविक काळ जपण्याची सक्ती करा. क्लेमच्या अर्जात ‘कारण अनिश्चित’ असा रकाना असावा, तो भरला म्हणून पैसे अडू नयेत, आणि त्या रकान्याची बेरीज दर वर्षी आपल्या समितीपुढे यावी.

मला वैयक्तिक उत्तर नको. नियमबदलाचा मसुदा काढून लोकांच्या हरकती-सूचना मागवण्याची आपली पद्धत आहेच. तो मसुदा काढा, सूचना मी वेळेत पाठवीन.

आपली,
पुण्यातील एक गाडीमालक

प्रत : भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, हैदराबाद